पाच व्होल्टचा हिशेब
घरी बनवलेल्या व्हिडिओ गेमच्या वीजपुरवठ्याविषयी

आपल्या मुलांमध्ये अलीकडे एक नवे वेड शिरले आहे. त्यांना दुकानातला तयार व्हिडिओ गेम नको असतो. काका-मामांच्या जमान्यातले जुने खेळ हवे असतात, आणि तेही स्वतः बनवलेल्या डब्यावर! रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या पानाएवढा संगणक घ्यायचा, त्याला साडेतीन इंची पडदा, आठ-दहा बटणे, एक छोटा स्पीकर आणि बॅटरी जोडायची, थ्री-डी प्रिंटरवर डबा छापून घ्यायचा, आणि हातात मावणारा गेम तयार. मुलांचा हात चालतो, डोके चालते, महिनाभर टीव्ही बंद राहतो. आई-वडिलांना आणखी काय हवे?

आमच्या घरीही गेल्या हिवाळ्यात असा एक डबा तयार झाला. पडदा लागला, बटणे चालली, आवाज आला, आणि मग सगळे गाडे वीजपुरवठ्यावर येऊन अडले. ओळखीच्या तीन-चार घरी चौकशी केली तर तिथेही हेच रडगाणे. खेळ मध्येच रेंगाळतो, आवाज फाटतो, कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह चमकते, बॅटरी सांगितल्याच्या निम्मीच चालते. संगणकाचे काम जाणणारे आपल्यात ढिगाने आहेत, पण हातात मल्टिमीटर धरायची वेळ आली की "ते आमचे क्षेत्र नव्हे" म्हणून सगळे मागे सरतात. शिवाय प्रश्न फक्त खेळाचा नाही. डब्यात लिथियमची बॅटरी आहे आणि तो डबा मूल उशाशी घेऊन झोपणार आहे. म्हणून या पाच व्होल्टांचा हिशेब प्रत्येक घरी कोणाला तरी यायला हवा. तो अवघड नाही, फक्त मोजायची सवय लागते.

गेम बॉयचे शहाणपण

निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ साली आला. रंग नाहीत, पडद्यामागे दिवा नाही, हिरवट पडद्यावर चारच छटा, आणि प्रोसेसरचा वेग जेमतेम ४.१९ मेगाहर्ट्झ. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, पुढच्या वर्षी जपानात सेगाचा गेम गिअर. दोघांनाही रंगीत, उजळ पडदे. पण त्यांना सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांतच माना टाकत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज चाले. बाजार कोणी जिंकला ते सर्वांना ठाऊक आहे. त्याचे कर्ते गुन्पेई योकोई यांचे सूत्रच असे होते, की जुने, स्वस्त, पुरते ओळखीचे झालेले तंत्र घ्यावे आणि ते नव्या कामाला लावावे.

गेम बॉयच्या पाठीवर छापले आहे : ६ व्होल्ट, ०.७ वॉट. हा आकडा लक्षात ठेवा. आमचा डबा तेच जुने खेळ खेळताना सुमारे साडेतीन वॉट खातो, म्हणजे पाचपट! कारण रास्पबेरी पाय हा मुळात पूर्ण संगणक आहे, आणि तो दुसऱ्या यंत्राची नक्कल करीत असतो. सोंग वठवायला मूळ माणसापेक्षा जास्त घाम गाळावा लागतो, तसेच हे. तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि त्यासाठी आधी अंथरूण मोजावे.

टाकी, पंप आणि नळ

व्होल्ट, अँपिअर ही नावे ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी गच्चीवरच्या टाकीचे उदाहरण पुरेसे आहे. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे नळातून वाहणारी धार. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट, अर्थात प्रत्यक्ष होणारे काम. बॅटरीवर लिहिलेले मिलिअँपिअर-तास म्हणजे टाकीत पाणी किती ते. पण ते पाणी किती उंचीवर आहे हे त्यातून कळत नाही, आणि सगळी गफलत इथेच होते.

आमच्या डब्यात २५०० मिलिअँपिअर-तासांची चपटी लिथियम पॉलिमर बॅटरी आहे. डबा खेळताना ७०० मिलिअँपिअर घेतो. मुलाने लगेच भागाकार केला : साडेतीन तास! प्रत्यक्षात डबा दोन तास पाच मिनिटांत बंद पडला. बॅटरी खराब नव्हती. ते २५०० मिलिअँपिअर-तास ३.७ व्होल्टचे आहेत आणि डब्याला लागतात ५ व्होल्ट. मध्ये एक पंप बसवावा लागतो, त्याला बूस्ट कन्व्हर्टर म्हणतात. तो दाब वाढवतो, पण फुकट नाही. आमच्या पंपातून शंभरातले अठ्ठ्याऐंशीच पलीकडे पोचतात, बाकीच्याची उष्णता होते.

म्हणून हिशेब नेहमी वॉट-तासांत करावा. ३.७ व्होल्ट गुणिले २.५ अँपिअर-तास म्हणजे ९.२५ वॉट-तास. त्यातले ८८ टक्के म्हणजे ८.१४. डब्याची भूक ५ गुणिले ०.७, म्हणजे ३.५ वॉट. भागाकार केला की येतात दोन तास वीस मिनिटे. बॅटरी पार तळाला नेऊ नये म्हणून शेवटचे दहा टक्के राखून ठेवले की उरतात दोन तास सहा मिनिटे. कागद आणि घड्याळ यांच्यात एका मिनिटाचा फरक! हा आकडा जुळला तेव्हा मुलाच्या तोंडावर जो आनंद होता तो शाळेच्या गणितात आम्हाला कधी दिसला नव्हता.

मग काटकसर कुठे करता येईल ते पाहिले. पडद्यामागचा दिवा थोडा मंद केला तर ०.४ वॉट वाचले. खेळताना वाय-फाय बंद ठेवले तर आणखी ०.१५. ऐकायला हे चिल्लर वाटते, पण त्याने वीस मिनिटांहून जास्त खेळ वाढला. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, इथे थेंब राखून तळे टिकते.

चौथ्या मजल्यावरचे पाणी

आता त्या पिवळ्या विजेच्या चिन्हाकडे वळू. रास्पबेरी पायला मिळणारा दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते चिन्ह पडद्यावर येते, आणि संगणक स्वतःचा वेग कमी करतो. महाराष्ट्रात ज्याला भारनियमन म्हणत तेच हे, फक्त तळहातावरचे. खेळ रेंगाळतो आणि आवाज फाटतो तो यामुळे. लोक मात्र सॉफ्टवेअरला दोष देत बसतात आणि ते चार वेळा नव्याने भरतात.

पण चार्जरवर तर ५ व्होल्ट लिहिलेले असते. मग दाब जातो कुठे? जातो तारेत. जुन्या चाळीत तळमजल्यावर नळाला धो धो पाणी आणि चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे समजवायला नको. स्वस्त यूएसबी केबलमध्ये बहुधा २८ गेजची बारीक तार असते. एक मीटर लांबीच्या अशा केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.४३ ओहम भरतो. एक अँपिअर वाहिला की ०.४३ व्होल्ट वाटेतच संपतात. ५.१ चे ४.६७ होतात, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या अगदी काठावर. त्यात कनेक्टरची आणि कळीची भर पडली की चिन्ह चमकलेच. तीच केबल २४ गेजची असेल तर तूट ०.१७ व्होल्टवर येते. रास्पबेरी पाय ३ च्या अधिकृत चार्जरवर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअर लिहिलेले असतात ते उगीच नाही. वाटेतल्या गळतीची ती आगाऊ तरतूद आहे.

डब्याच्या आतही हेच चालते. आमच्या संचासोबत केसासारख्या तारा आणि एक चिमुकली सरकती कळ आली होती. पंपाच्या तोंडाशी ५.१० व्होल्ट, आणि संगणकाच्या पिनेवर ४.५८! तारा जाड आणि आखूड केल्या, आणि सगळा प्रवाह कळीतून नेण्याऐवजी कळ पंपाच्या 'एनेबल' पिनेला जोडली. त्या पिनेतून नाममात्र प्रवाह जातो, त्यामुळे कळीवर भार येत नाही. आता पिनेवर ५.०२ मिळतात. खर्च जवळजवळ शून्य.

मोजावे कुठे आणि कशाने

यातला धडा एकच. वीज जिथून निघते तिथे मोजून उपयोग नाही, जिथे लागते तिथे मोजावी. आणि खेळ चालू असताना मोजावी. रिकाम्या नळाचा दाब नेहमीच चांगला असतो.

वीस डॉलरचा साधा मल्टिमीटर यासाठी पुरतो. व्होल्ट मोजताना तो दोन टोकांना समांतर लावायचा. रास्पबेरी पायच्या चाळीस पिनांपैकी २ आणि ४ क्रमांकाच्या पिनांवर ५ व्होल्ट असतात, ६ क्रमांकाची पिन म्हणजे ग्राउंड. पण सावधान! शेजारची १ क्रमांकाची पिन ३.३ व्होल्टची आहे. मीटरची सुई घसरून २ आणि १ यांना एकदम टेकली तर संगणकाला रामराम ठोकावा लागेल. म्हणून डबा बंद असताना पिनांना दोन छोट्या तारा लावून बाहेर काढाव्यात आणि मोजमाप त्या टोकांवर करावे.

अँपिअर मोजताना मीटर प्रवाहाच्या वाटेत, म्हणजे तार तोडून मध्ये बसवावा लागतो. अँपिअरच्या खाचेत वायर असताना तोच मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर बॅटरी थेट शॉर्ट होते. हे मुलांना आधी सांगावे, मग मीटर हातात द्यावा. ज्यांना ही जोखीम नको त्यांनी चार्जर आणि केबल यांच्यामध्ये खोचायचा यूएसबी मीटर आणावा. तो व्होल्ट, अँपिअर आणि वॉट-तास तिन्ही दाखवतो.

दोन मर्यादा मात्र ध्यानात असाव्यात. साधा मीटर सेकंदातून दोन-तीनदाच वाचन घेतो आणि सरासरी दाखवतो. क्षणभर दाब कोसळला तर ते त्याला दिसत नाही. मीटरवर ४.९ आणि तरीही चिन्ह चमकते आहे, असे झाले तर खरे चिन्हाचे मानावे. दुसरे म्हणजे, मोजणाराही थोडे खातोच, मापाड्यासारखा.

डब्यात कायमचे मोजमाप हवे असेल तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आयएनए २१९ ही चिप उपयोगी पडते. बाजारात मिळणाऱ्या तिच्या छोट्या पट्टीवर ०.१ ओहमचा रोध असतो. प्रवाह त्यातून जातो, चिप त्या रोधावरचा किंचित दाब मोजते आणि ओहमच्या नियमाने अँपिअर सांगते, ३.२ अँपिअरपर्यंत. ही पट्टी पंपानंतर न बसवता पंपाआधी, बॅटरीच्या बाजूला बसवावी. तिने खाल्लेला दाब पंप भरून काढतो, आणि बॅटरीतून खरोखर किती गेले तेही कळते. रास्पबेरी पायला स्वतःला व्होल्ट मोजता येत नाहीत. त्याच्या पिनांना फक्त 'आहे' आणि 'नाही' समजते, आणि ३.३ व्होल्टच्या वर त्या जळतात. ४.२ व्होल्टची बॅटरी पिनेला थेट जोडून पाहण्याचा मोह कोणीही करू नये.

टक्क्यांचे गौडबंगाल

प्रत्येक मुलाला पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचे टक्के हवे असतात, फोनसारखे. ते दाखवता येतात, पण त्यांवर किती विसंबायचे ते कळायला हवे.

लिथियमचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. सुरुवातीला दाब उतरतो, मग बराच वेळ ३.८ ते ३.७ च्या आसपास रेंगाळतो, आणि साडेतीनच्या खाली गेला की कड्यावरून पडावे तसा कोसळतो. मधल्या सपाटीवर नुसता दाब पाहून टक्के सांगणे म्हणजे अंदाजपंचे. त्यात खेळ चालू असताना बॅटरीचा आतला रोध दाब थोडा खाली खेचतो. आमच्या डब्यात हा फरक ०.१ व्होल्टच्या आसपास आहे. खेळ थांबवला की दाब वर येतो आणि टक्के वाढतात. मुलाला वाटते बॅटरी विश्रांती घेऊन ताजीतवानी झाली!

आणखी एक गोष्ट गमतीची नाही. डब्याची भूक ठरलेली असते, म्हणून बॅटरीचा दाब उतरला की पंप तिच्याकडून जास्त प्रवाह ओढतो. ४.१ व्होल्टला आमचा डबा बॅटरीतून ०.९७ अँपिअर घेतो, ३.४ ला १.१७. म्हणजे दमलेल्या बैलावरच जास्त ओझे. शेवटची दहा मिनिटे म्हणूनच झपाट्याने सरतात.

तेव्हा टक्के सांगण्याचा बरा मार्ग म्हणजे पोस्टातल्या पासबुकासारखा. पूर्ण भरलेल्या बॅटरीपासून सुरुवात करून दर सेकंदाला गेलेले वॉट-तास वजा करीत जायचे. आणि दाब सलग अर्धा मिनिट ३.४ च्या खाली राहिला की डबा आपोआप नीट बंद करायचा. अचानक वीज गेली तर मेमरी कार्डावरचा मजकूर बिघडू शकतो, आणि त्यासोबत मुलाची महिनाभराची प्रगतीही जाते. घरातला आकांत टाळायचा असेल तर ही सोय कराच.

बॅटरीशी खेळ नको

आता महत्त्वाचे. २०१६ साली सॅमसंगला गॅलक्सी नोट ७ हा फोन बॅटरीच्या आगींमुळे बाजारातून मागे घ्यावा लागला. इतक्या मोठ्या कारखान्याची ही गत, तर आपण जेवणाच्या टेबलावर बसून जोडकाम करणारे! आमच्या घरी पुढील नियम कागदावर लिहून गराजच्या भिंतीवर लावले आहेत.

संरक्षक सर्किट असलेली बॅटरीच घ्यायची. १८६५० या गोल सेलची खरी क्षमता साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत असते. त्यावर ९९०० लिहिले असेल तर तो सेल उचलूच नये. नव्या बॅटरीचा प्लग खोचण्याआधी मीटरने धन-ऋण टोके तपासायची, कारण वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे लाल-काळ्या तारांची जागा उलटसुलट असते. बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम कात्रीने कापायच्या नाहीत. सेलवर थेट सोल्डरिंग करायचे नाही.

चार्जर बॅटरीच्या मापाचा हवा. टीपी ४०५६ चिपची स्वस्त पट्टी बहुधा एक अँपिअर देते. २५०० च्या बॅटरीला ते ठीक, पण ५०० च्या इवल्याशा बॅटरीत तेवढा प्रवाह कोंबणे धोक्याचे. शिवाय ही साधी पट्टी 'चार्ज होता होता खेळ' या कामासाठी नाही. त्यासाठी भार वाटून घेणारा बोर्ड घ्यावा.

आपल्यासारख्या थंड मुलखात राहणाऱ्यांसाठी आणखी एक : शून्य अंशाखाली लिथियमची बॅटरी चार्ज करू नये. जानेवारीत गराजमध्ये पडलेला डबा आधी घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. आणि चार्जिंग उशीखाली किंवा सोफ्यावर कधीच नाही. फरशीवर, जागेपणी, डोळ्यांसमोर. बॅटरी फुगलेली दिसली तर टोचू नका, दाबू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. धोकादायक कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन द्या.

देशात नेताना

सुट्टीत आजी-आजोबांना दाखवायला हा डबा देशात नेला जाणारच. इथे १२० व्होल्ट, तिकडे २३०. हल्लीच्या यूएसबी चार्जरवर बारीक अक्षरांत '१००-२४०' छापलेले असते, तसे असेल तर नुसती पिन बदलून भागते. जुन्या खऱ्या यंत्रांचे तसे नाही. १९८५ साली इथे आलेल्या निन्टेन्डोचा अमेरिकन अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा आहे, तिकडे लावला की संपला. शिवाय तो ९ व्होल्टची एसी वीज देतो, तर त्याच्याच जपानी भावंडाला, फॅमिकॉमला, डीसी लागते. तेव्हा प्लग बसला म्हणजे जमले, असे समजू नये.

विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँका चेक-इन बॅगेत चालत नाहीत, जवळच्या बॅगेतच न्याव्या लागतात. परवानगीविना मर्यादा १०० वॉट-तासांची. आपली बॅटरी ९.२५ ची, म्हणजे मर्यादेच्या दहाव्या हिश्शाहून कमी. जानेवारी २०२५ मध्ये कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान पेटले आणि संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर विमान कंपन्या फार कडक झाल्या. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यावर बंदी घातली. नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी आपापल्या कंपनीचे ताजे नियम वाचावेत. घरी बनवलेल्या डब्यातून लोंबणाऱ्या तारा पाहून तपासनीस दोन प्रश्न जास्त विचारणार हेही गृहीत धरावे. डबा पूर्ण बंद असावा, आणि बॅटरीवरचे वॉट-तासांचे लेबल दिसेल असे ठेवावे.

शेवटी एक सूचना. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर मुलाच्या हाताने चार आकडे लिहून घ्या : खेळताना पिनेवर मिळणारे व्होल्ट, लागणारे वॉट, बॅटरीचे वॉट-तास आणि घड्याळाने मोजलेला वेळ. खाली तारीख. सहा महिन्यांनी हेच चार आकडे पुन्हा मोजा. वेळ कमी झाली तर बॅटरी थकली, व्होल्ट कमी झाले तर तार किंवा जोड ढिला झाला. निदान करायला कोणा तज्ज्ञाकडे जावे लागणार नाही.